स्थिर कोण, आणि कोणाच्या मशीनवर? मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका जुन्या वादाचा इतिहास

गेल्या दिवाळीनंतर आमच्या अभ्यासिकेला एका कार्यालयाकडून सात संगणक मिळाले. मिळाले म्हणजे भंगारवाल्याकडे जाणार होते, ते वाटेत आमच्याकडे वळवले. कारण साधे होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. पाच मशीनमध्ये तो नव्हता. उरलेली दोन तर त्याहून जुनी, निव्वळ ३२ बिटची. काल चालणारी यंत्रे एका तारखेने निकामी ठरली. यंत्रात बिघाड कसलाच नव्हता.

आता यांच्यावर काय टाकायचे, यावरून पोरांत जुंपली. एक म्हणाला उबुंटू, सगळे हार्डवेअर ओळखते. दुसरा म्हणाला डेबियन, पाच वर्षे हात लावावा लागत नाही. इंजिनिअरिंगला असलेला तिसरा म्हणाला, लिनक्स सोडा, बीएसडी घ्या, खरी स्थिरता तिथेच आहे. चौथ्याने सगळ्यांना उडवून लावले. फुकटची वस्तू फुकटच्या दर्जाची असते, प्रिंटरसुद्धा चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. वाद तासभर चालला, पण कोणीही एक साधा प्रश्न विचारला नाही. स्थिर म्हणजे नेमके काय? आणि हार्डवेअर ‘चालते’ की ‘चालत नाही’ हे ठरवते कोण?

मित्रांनो, या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत. तो माहीत नसला की माणूस आपल्या आवडत्या सिस्टीमचा चाहता होतो आणि क्रिकेटच्या संघासारखा तिची बाजू घेतो. म्हणून हा लेख.

सुरुवात प्रिंटरपासूनच करू, कारण या चळवळीची सुरुवातही प्रिंटरपासून झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा सोर्स कोड प्रयोगशाळेकडे होता, त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात अशी सोय केली होती की कागद अडकला की ज्यांची छपाई थांबली आहे त्यांना निरोप जाई. नव्या प्रिंटरचा कोड मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने देण्यास नकार दिला, कारण तो कोणालाही न देण्याचा करार त्याने केला होता. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता. म्हणजे बघा, ‘मुक्त सॉफ्टवेअर’ हा विचार हार्डवेअर नीट चालत नाही म्हणून आणि ते चालवण्याची माहिती दडवली जाते म्हणून जन्माला आला. ‘लिनक्सवर प्रिंटर चालत नाही’ असे हिणवणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसतो.

दुसरी तारीख २५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवतो की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहे, हा केवळ छंद आहे, मोठे काही होणार नाही. त्याच पत्रात तो असेही लिहितो की ती एटी प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही बहुधा कधीच चालवणार नाही, कारण माझ्याकडे तेवढेच आहे. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. माझ्याकडे जे आहे तेच चालेल! लिनक्सच्या हार्डवेअर आधाराचे सगळे मर्म यात आहे. ज्याच्याकडे जे मशीन, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहायचा आणि सर्वांना द्यायचा. ज्या मशीनचा मालक कोड लिहू शकत नाही, त्याच्या वाट्याला प्रतीक्षा. आजही दुर्मीळ कार्ड चालत नाही आणि जगभर खपलेले कार्ड लगेच चालते, याचे मूळ कारण हेच.

पण लिनक्सच का वाढले? ‘चांगले होते म्हणून’ हे उत्तर भाबडे आहे. त्याच काळात बर्कले विद्यापीठातून आलेले बीएसडी युनिक्स अधिक परिपक्व होते. विल्यम आणि लिन जॉलिट्झ या दांपत्याने ते साध्या ३८६ पीसीवर आणले आणि १९९२ मध्ये ३८६बीएसडी या नावाने खुले केले. त्यातूनच १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाले. टोरवाल्ड्स यांनी स्वतः पुढे सांगितले आहे की ३८६बीएसडी वेळेवर हाती असते तर लिनक्स बहुधा झालेच नसते. मग अडले कुठे? कोर्टात. एटी अँड टीची युनिक्स कंपनी १९९२ मध्ये बर्कलेच्या कोडवर दावा सांगत न्यायालयात गेली. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन. तीन फायली! पण दीडदोन वर्षे या सिस्टीमवर टांगती तलवार राहिली आणि नेमक्या त्याच वर्षांत पीसी घेणारी नवी पिढी लिनक्सकडे गेली. ती पिढी आपापली साउंड कार्डे, नेटवर्क कार्डे, सीडी ड्राइव्ह घेऊन गेली. ड्रायव्हर तिने लिहिले ते लिनक्ससाठी. आज फ्रीबीएसडीवर एखादे लॅपटॉपचे वायफाय धड चालत नाही तेव्हा त्याचे एक कारण तीस वर्षांपूर्वीच्या त्या दाव्यात आहे.

आता ‘बीएसडी स्थिर, लिनक्स अस्थिर’ हा आमच्या इंजिनिअर मित्राचा दावा तपासू. त्यात तथ्य आहे, पण ते एका विशिष्ट काळाचे आहे. बीएसडीमध्ये कर्नल, मूळ आज्ञा, लायब्ररी आणि त्यांची माहितीपुस्तिका हे सगळे एकाच घरात, एकाच हाताखाली तयार होते. लिनक्स म्हणजे फक्त कर्नल. बाकीचा संसार डेबियन, रेड हॅट, स्लॅकवेअर यांनी इकडून तिकडून गोळा करून मांडायचा. त्यामुळे बीएसडीत एकसंधपणा अधिक हे उघड आहे. शिवाय लिनक्सने आपल्या हाताने या दाव्याला बळ दिले. त्या काळी कर्नलच्या मधल्या आकड्याला अर्थ असे. सम आकडा म्हणजे स्थिर मालिका, विषम म्हणजे प्रयोगाची. जानेवारी २००१ मध्ये २.४ ही ‘स्थिर’ मालिका आली. त्याच वर्षी सप्टेंबरात २.४.१० मध्ये मेमरी सांभाळणारा सगळा भागच उपटून दुसऱ्या माणसाने लिहिलेला बसवण्यात आला. चालत्या एसटीचे इंजिन घाटात बदलण्यासारखा हा प्रकार. पुढच्याच २.४.११ मध्ये असा दोष निघाला की तिच्या नावातच ‘वापरू नका’ अशी सूचना जोडावी लागली. स्थिर या शब्दाची एवढी थट्टा क्वचितच झाली असेल.

पण फ्रीबीएसडीही या फेऱ्यातून सुटले नाही, हे बीएसडीचे भक्त सांगत नाहीत. फ्रीबीएसडी ४ ने जे नाव कमावले ते खरेच होते. पण ती रचना एका प्रोसेसरच्या जमान्यातली होती. एकाहून अधिक प्रोसेसर असलेली मशीन येऊ लागली तेव्हा कर्नलला लागलेले एकच मोठे कुलूप काढून जागोजागी बारीक कुलपे बसवणे भाग पडले. हे काम घेऊन जानेवारी २००३ मध्ये ५.० आली, आणि ती ‘नव्या तंत्रज्ञानाची’ आहे, सर्वांनी लगेच वापरू नये, असे प्रकल्पालाच सांगावे लागले. ५ व्या मालिकेला स्थिर म्हणायला नोव्हेंबर २००४ ची ५.३ उजाडावी लागली. ही वाटच चुकीची आहे असे मानणाऱ्या मॅथ्यू डिलन यांनी २००३ मध्ये ४ थी मालिका घेऊन ड्रॅगनफ्लाय बीएसडी हा वेगळा संसार थाटला. तात्पर्य, हार्डवेअर बदलले की स्थिरता मोडते. ज्या सिस्टीमने नवे हार्डवेअर धरायचे ठरवले तिला कधी ना कधी अस्थिर व्हावेच लागले. ज्यांनी धरले नाही त्या स्थिर राहिल्या, आणि त्यांच्यासाठी बाजारात मशीन मिळेनाशी झाली.

डेबियनचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. त्याचे मोठे निर्णय मतदानाने होतात, आणि १९९७ मध्ये त्याने ‘सामाजिक करार’ या नावाचे आपले जाहीर वचन लिहून काढले. डेबियनच्या ‘स्टेबल’चा अर्थ लोक चुकीचा लावतात. ती कधीच बंद पडत नाही असा तो अर्थ नाही. एकदा प्रसिद्ध झाल्यावर तिच्यात आवृत्त्या बदलल्या जात नाहीत. सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या होतात. म्हणजे जे आज जसे वागते ते उद्याही तसेच वागेल. यात दोष असला तर तोही उद्या तसाच असतो, हे ओघाने आलेच! याची किंमत काय? जुलै २००२ मध्ये ३.० आली आणि ३.१ यायला जून २००५ उजाडला. जवळजवळ तीन वर्षे. त्या तीन वर्षांत बाजारात साटा हार्ड डिस्क आल्या, नवी वायफाय कार्डे आली. नवे मशीन घेऊन आलेल्या माणसाला ३.० चा इन्स्टॉलर डिस्कच नाही म्हणून सांगू लागला. जगातली अत्यंत स्थिर सिस्टीम, पण चढवायला जागा नाही.

ही पोकळी ओळखून ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आले. त्याने डेबियनचेच पीठ घेतले आणि दर सहा महिन्यांनी ताजी भाकरी थापायला सुरुवात केली. शिवाय सीडी पोस्टाने घरपोच, फुकट. आमच्यापैकी ज्यांच्या वसतिगृहात इंटरनेट म्हणजे तासाला वीस रुपयांचा सायबर कॅफे होता त्यांना विचारा, परदेशातून आपल्या नावाने आलेले ते पाकीट हातात घेताना काय वाटले होते. ही सोय २०११ मध्ये बंद झाली. त्याआधी क्नॉपिक्सने सीडीवरूनच सगळी सिस्टीम चालवून, मशीनमध्ये काय काय बसवले आहे ते आपोआप ओळखून दाखवले होते. त्याआधीच्या पिढीला तर मॉनिटरची आडवी-उभी वारंवारता पुस्तिकेत शोधून हाताने फायलीत लिहावी लागे. या बाबतीत आज कोण किती सुखी आहे याची कल्पना नव्या पोरांना नाही.

पण ओळखणे वेगळे आणि चालवणे वेगळे. इथून खरा संघर्ष सुरू होतो. त्याचे रणांगण होते वायफाय कार्ड.

ड्रायव्हर लिहायला कार्डाला कोणती आज्ञा दिली की ते काय करते हे कळावे लागते. ते कंपनीने कागदावर द्यावे, नाही तर कार्डाचे वागणे बघून हुडकून काढावे. २००० नंतरच्या दशकात ब्रॉडकॉमसारख्या मोठ्या कंपन्या मुक्त सिस्टीमना कागद देत नव्हत्या. मग लोकांनी काय केले? काहींनी विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये कोंबण्याची युक्ती काढली; तिचे नाव एनडिसरॅपर. फ्रीबीएसडीनेही असेच केले आणि त्याच्या कर्त्याने त्याला विनोदाने ‘प्रोजेक्ट इव्हिल’, म्हणजे पापाचा प्रकल्प म्हटले. विनोद नेमका होता. कार्ड चालायचे, पण कर्नलच्या पोटात असा कोड शिरलेला, जो कोणी वाचू शकत नाही. मशीन थिजले तर दोष कुणाचा हे सांगायची सोयच उरली नाही. हार्डवेअरचा आधार मिळाला, स्थिरतेचा हिशेब गेला.

दुसरी वाट कष्टाची होती. एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडायचा आणि कार्ड कसे वागते ते निव्वळ शब्दांत लिहून काढायचे. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर कधीही न बघता, केवळ ते लिखाण वाचून नवा कोड लिहायचा, म्हणजे नकलेचा आरोप होऊ नये. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा मुक्त ड्रायव्हर असा तयार झाला आणि जून २००६ मध्ये लिनक्स २.६.१७ मध्ये आला. तरीही एक खुंटी उरलीच. कार्डाच्या आत एक छोटा संगणक असतो, त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ते वाटण्याची परवानगी कंपनीने दिली नव्हती. म्हणून प्रत्येक माणसाने विंडोजचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि एका छोट्या प्रोग्रामने त्यातून फर्मवेअर कापून काढायचे. इंटरनेट लागावे म्हणून वायफाय हवे, आणि वायफाय लागावे म्हणून इंटरनेटवरून फर्मवेअर हवे. ज्याच्याकडे दुसरे कनेक्शन नाही त्याने काय करावे? हा प्रश्न तेव्हाच्या तत्त्वनिष्ठांनी फारसा विचारला नाही. ज्याच्या घरी दोन संगणक आहेत त्यालाच शुद्धता परवडत होती.

ओपनबीएसडीची भूमिका इथे समजून घेण्यासारखी आहे. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून फुटून थिओ डी राड्ट यांनी हा प्रकल्प उभा केला. त्यांनी रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली. कर्नलच्या आत, आपल्या प्रोसेसरवर चालणारा बंद कोड अजिबात नको. त्याला त्यांनी ‘ब्लॉब’ हे नाव देऊन २००६ मध्ये ३.९ या आवृत्तीबरोबर जाहीर मोहीमच काढली. मात्र कार्डाच्या आत चालणारे फर्मवेअर निदान वाटण्याची मोकळीक द्या, आणि कागद द्या, एवढी त्यांची मागणी होती. कंपन्यांशी गोपनीयतेचा करार करून कागद मिळवायला त्यांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की असा करार करून लिहिलेला ड्रायव्हर करार करणाऱ्या माणसाबरोबरच मरतो, दुसऱ्याला तो दुरुस्त करता येत नाही. प्रिंटरची गोष्ट आठवते ना? वीसपंचवीस वर्षांनी तोच करार, फक्त दरवाजा वेगळा. या आग्रहाची दखल स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही घेतली आणि त्यांना २००४ चा पुरस्कार दिला, जरी दोघांचे विचार अनेक बाबतींत जुळत नाहीत.

याच ठिकाणी मुक्तवाल्यांनी आपसात काय केले तेही सांगितले पाहिजे. २००७ मध्ये ओपनबीएसडीच्या नव्या ब्रॉडकॉम ड्रायव्हरमध्ये लिनक्सवाल्यांचा जीपीएल परवान्याचा कोड परवानगीशिवाय आढळला. जाहीर वाद झाला, आणि ओपनबीएसडीने तो ड्रायव्हर टाकून दिला. काही महिन्यांनी उलट घडले. एथेरॉस कार्डांसाठी ओपनबीएसडीत लिहिलेल्या कोडवरचा मूळ परवाना बदलून जीपीएल लावणारे बदल लिनक्सकडे पाठवले गेले. पुन्हा वाद, पुन्हा वकील. कंपन्या बाजूला बसून बघत होत्या. सामान्य वापरणाऱ्याचे कार्ड या सगळ्यात तिथेच बंद. पुढे एथेरॉसने २००८ मध्ये आणि ब्रॉडकॉमने २०१० मध्ये स्वतःच लिनक्ससाठी मुक्त ड्रायव्हर दिले. उपरती झाली म्हणून दिले असे मला वाटत नाही. तोवर राउटर, फोन, सर्व्हर सगळीकडे लिनक्स शिरले होते आणि नाकारणे धंद्याला परवडत नव्हते.

ग्राफिक्स कार्डाची कथा थोडक्यात उरकतो. एएमडीने २००७ मध्ये कागद देण्याचे जाहीर केले आणि हळूहळू शब्द पाळला. त्याचे ड्रायव्हर आज लिनक्सच्या कर्नलमध्ये आहेत, आणि फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी तेच आपल्याकडे वळवून घेतात. एनव्हिडियाने बंद ड्रायव्हर दिला, तोही लिनक्स आणि फ्रीबीएसडीसाठी. ओपनबीएसडीला काहीच नाही. २०१२ मध्ये फिनलंडमध्ये एका कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर या कंपनीला उद्देशून जे बोट दाखवले ते प्रसिद्धच आहे. २०२२ मध्ये कंपनीने कर्नलचा भाग खुला केला. मधल्या काळात कर्नल बदलला की पडदा काळा, हा अनुभव लाखोंनी घेतला आणि शिव्या लिनक्सला दिल्या.

‘कर्नल बदलला की ड्रायव्हर मोडतो’ ही तक्रार खरी आहे, आणि तो अपघात नाही, ते लिनक्सचे धोरण आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा एक लेख कर्नलसोबतच दिलेला असतो. त्याचा सारांश असा की कर्नलच्या आतल्या जोडण्या स्थिर ठेवण्याचे वचन आम्ही देणार नाही. तुमचा ड्रायव्हर आमच्या घरात आणा, मग आतले काही बदलले तर दुरुस्तीही आम्हीच करू. बाहेरच ठेवायचा असेल तर तुमचे तुम्ही बघा. प्रोग्रामशी असलेली जोडणी मात्र मोडायची नाही, हा टोरवाल्ड्स यांचा कडक नियम. कंपन्यांना हे जाचक वाटते. मला मात्र यातच लिनक्सच्या हार्डवेअर आधाराचे रहस्य दिसते. कोड सर्वांच्या हवाली केला तरच त्याची निगा सर्वजण राखतील, अशी ती अट आहे. म्हणून कंपनीने कधीच विसरलेले वीस वर्षांपूर्वीचे नेटवर्क कार्ड आजही चालते, कारण त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या ताब्यातच नाही.

याचा अर्थ लिनक्सने हार्डवेअरला कधी इजा केली नाही असा नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये मँड्रेक ९.२ आली आणि ती चढवताना एलजीचे काही सीडी ड्राइव्ह कायमचे मेले. चौकशीत दिसले की बफर रिकामा करण्याची एक प्रमाणित आज्ञा त्या ड्राइव्हचे फर्मवेअर ‘स्वतःला पुसून नवे फर्मवेअर घे’ अशी समजत होते. विंडोज ती आज्ञा सीडी ड्राइव्हला देत नसल्यामुळे चूक कधी उघडी पडली नव्हती. दोष कुणाचा? ड्राइव्हचा. मार कुणी खाल्ला? मँड्रेकने. पण २००८ मध्ये इंटेलच्या नेटवर्क कार्डांची आतली मेमरी पुसली जाऊ लागली, तेव्हा दोष कर्नलमधल्याच एका तपासणी-यंत्रणेचा निघाला. तो चाचणीच्या आवृत्त्यांतच पकडला गेला हे नशीब. दोन्ही घटना सांगतो, कारण एकच सांगणे म्हणजे वकिली झाली.

आता डेबियनच्या फर्मवेअर मतदानाकडे येतो. सामाजिक करारात लिहिले आहे की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. मग बंद फर्मवेअर त्यात कसे चालेल? २००४ पासून हा वाद मतपेटीत जात राहिला. दर वेळी ‘या आवृत्तीपुरती सूट’ असे ठरे. २०११ च्या ६.० मध्ये ते कर्नलमधून वेगळे काढले गेले. तत्त्व वाचले. पण नवा माणूस अधिकृत सीडी लावायचा, वायफाय दिसायचे नाही, आणि तो सोडून जायचा. फर्मवेअरसहित असलेली सीडीही होती, पण ती अशा कोपऱ्यात की माहितगारालाच सापडावी. माझा स्वतःचा या व्यवस्थेवर राग होता. कारण ज्या कार्डात फर्मवेअर चिपमध्ये कोरलेले असते ते कार्ड ‘शुद्ध’, आणि तेच फर्मवेअर दर वेळी डिस्कवरून चढवावे लागले की कार्ड ‘अशुद्ध’, हा भेद कुठला? कोड दोन्हीकडे बंदच. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही अशा कोरलेल्या फर्मवेअरला सवलत देते. म्हणजे जे दिसत नाही ते चालते, दिसले की विटाळ! असला सोवळेपणा आपण ओळखू शकतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून करारातच दुरुस्ती केली. अधिकृत इन्स्टॉलरमध्ये हार्डवेअरला लागणारे बंद फर्मवेअर राहील, कोणते चढवले ते वापरणाऱ्याला सांगितले जाईल, नको असेल तर बंद करता येईल. जून २०२३ ची डेबियन १२ अशी आली. काहींनी याला शरणागती म्हटले. मला ते मान्य नाही. वचन गुपचूप मोडणे ही शरणागती होते. इथे उघड चर्चा झाली, मते मोजली गेली, दस्तऐवज बदलला.

याच्या उलट उदाहरण सेंटओएसचे. रेड हॅटच्या व्यावसायिक सिस्टीमची ही फुकट प्रतिकृती दहा वर्षे स्थिर राहते म्हणून जगभर वापरली गेली. ८ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की २०२१ अखेर तिचा आधार संपेल. कोडमध्ये काडीचा दोष नव्हता, निर्णय वरून आला. कोणी म्हणेल, ही सर्व्हरची गोष्ट, आपल्याला काय? आपल्याला हेच की स्थिरतेचा एक अर्थ ‘किती वर्षे निभावणार’ हा आहे, आणि ते कोड बघून कळत नाही. ते निर्णय कोण घेतो हे बघून कळते.

तर अभ्यासिकेत काय केले? पाच ६४ बिटच्या मशीनवर डेबियन १३ चढवली. ऑगस्ट २०२५ ची आवृत्ती, तीन वर्षे पूर्ण आधार, नंतर एलटीएसची दोन. फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असल्याने वायफाय पहिल्याच फेरीत लागले. उबुंटूवाल्या पोराला मी सांगितले की तुझ्या नव्या लॅपटॉपवर उबुंटूच ठेव, तिथे ताजा कर्नल हवाच. ३२ बिटच्या दोन मशीनवर डेबियन १३ चढतच नाही, कारण तिने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणे बंद केले आहे. तिथे इंजिनिअरचे म्हणणे खरे ठरले. ओपनबीएसडी अजून ३२ बिट पीसी सांभाळते, ती चढली. आधुनिक ब्राउझर तिथे ओढत नाही, पण टंकलेखनाचा सराव आणि पीडीएफ वाचन होते. रांग आता त्या दोन मशीनसमोरही असते.

चौथ्या पोराचा प्रिंटर मात्र राहिला. कार्यालयाने संगणकांबरोबर एक जुना लेझर प्रिंटरही दिला होता. त्याला कंपनीचे बंद प्लगइन लागते, ते ३२ बिटला मिळत नाही आणि ६४ बिटवर मध्येच अडकते. सध्या तो कपाटावर आहे. कोणाकडे पोस्टस्क्रिप्ट समजणारा जुना प्रिंटर पडून असेल तर कळवा, न्यायला आम्ही येऊ.